मार खाल्ला त्या भाषेत

अनिता सध्या रोह्याला असते. कुंडलिका नदीपलीकडे भाड्याची खोली आहे. मातीकाम करणारी अकरा माणसांची टोळी ती चालवते. पाया खणणं, चर मारणं, भराव दाबणं. वय तीस-एकतीस, नक्की तिलाही माहीत नाही. डावा हात मनगटात वळत नाही, तरी उजव्याने फावडं मारते आणि डाव्याने दाबून धरते. तिच्या हाताखालच्या माणसांकडून मी एकच तक्रार ऐकली, की ही बाई एक गोष्ट दोनदा सांगत नाही. मला ती तक्रार वाटली नाही.

मी खारभूमीच्या बांधांवर एकतीस वर्षं मजुरी केली. त्याआधी चार वर्षं मचव्यावर खलाशी होतो. तांडेल, म्हणजे मचव्याचा म्होरक्या, गुजराती होता. त्याचं बोलणं समजलं नाही की तो दोरीच्या गाठीने पाठीवर मारायचा. सहा महिन्यांत मला गुजराती कळायला लागली. लोक म्हणायचे, दिनानाथ हुशार आहे. हुशारी कसली, पाठ सोलून निघाली होती. मोठ्या माणसाला भाषा कशी येते ते मला तेव्हापासून माहीत आहे. पण अनिताने जेवढी किंमत दिली तेवढी मी दिली नाही.

दोन हजार चौदा साली कोलाड आणि खांबच्या मधे महामार्गाकडेला केबलचा चर खणायला तेलुगू लोकांची टोळी आली होती. महबूबनगरकडची माणसं, पिढ्यान्‌पिढ्या मातीकाम करणारी. त्यात ही होती, बापाबरोबर. आई नव्हती. एका दुपारी चराची कड ढासळली आणि बाप डोक्यापर्यंत गाडला गेला. तिने फावडं घेतलं नाही, बापाला लागेल म्हणून. दोन्ही हातांनी माती उकरली. नखं निघाली. वर काढला तेव्हा त्याचं तोंड मातीने भरलं होतं.

आमच्या शेजारचा जगन तिथे पाण्याचा टँकर चालवत होता. पस्तिशी उलटली होती. दारू आणि हाणामारी यामुळे त्याला आमच्या खाडीकाठच्या कुठल्याही गावात कोणी मुलगी देत नव्हतं. टोळीला पुढे कर्नाटकात जायचं होतं आणि एकट्या पोरीला सांभाळायची मुकादमाची तयारी नव्हती. पंधराव्या दिवशी जगन तिला बायको म्हणून घरी घेऊन आला. तिचं नाव यल्लम्मा. जगनची आई काशीबाई म्हणाली, हे नाव माझ्या तोंडात बसत नाय. तिने अनिता ठेवलं.

तिला आमच्या बोलीतलं एक अक्षर येत नव्हतं. काशीबाईने पाणी मागितलं, तिने सरपण आणून ठेवलं. त्यातलंच एक लाकूड काशीबाईने तिच्या पाठीत घातलं. पुन्हा पाणी मागितलं, तिने चूल फुंकली. पुन्हा लाकूड. तिसऱ्या वेळी तिने घरातली प्रत्येक वस्तू एकेक करून उचलून दाखवली आणि हंड्याला हात लागला तेव्हा मार थांबला. अशा रीतीने तिला ‘पानी’ आलं. उठ, बस, आण, गप, हिकडं ये, हे महिन्याभरात आले. जगन हाताने शिकवायचा. एकदा त्याने ‘बंद कर’ सांगितलं, तिने दार उघडलं. त्याने तिची बोटं चौकटीत ठेवून दार लावलं. तो शब्द ती पुन्हा चुकली नाही.

तेलुगू बोलायला बंदी होती. जगनला वाटायचं ती आपल्याला शिव्या देते. झोपेत बडबडली तरी लाथ बसायची.

आमच्या दोन घरांत एक विटेची भिंत. सगळं ऐकू यायचं. माझी बायको विमल दोनदा बोलायला गेली. दुसऱ्यांदा जगनने तिला ओट्यावरून ढकलून दिलं. मी गेलो नाही. दुसऱ्याच्या घरातलं आपण कशाला, असं मी विमलला सांगायचो. ते चूक होतं.

दोन वर्षांनी ऋतुजा झाली. अनिता तिला पाठीला बांधून बांधावर लाकडं वेचायला जायची. तिथे कोणी नसायचं, म्हणून ती पोरीशी तेलुगूत बोलायची. मी लांबून बघायचो. घरात मान खाली घालून फिरणारी बाई तिथे हातवारे करून, हसून बोलायची. पोर अडीच वर्षांची झाली तेव्हा तिने एकदा जेवताना बापाकडे ‘नीळ्ळु’ मागितलं. म्हणजे पाणी. जगनने आधी पोरीच्या थोबाडीत मारली, मग तांब्या अनिताच्या कपाळावर फेकला. कपाळ फुटलं. त्या दिवसापासून अनिता बांधावरही गप्प झाली.

वर्षभराने मी मुद्दाम पोरीला विचारलं, नीळ्ळु म्हणजे काय गो? ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. गेलं होतं. लहान पोराला भाषा येते तशी जातेही, त्याला कळतसुद्धा नाही. मी मचवा सोडून चाळीस वर्षं झाली, तांडेलाचा एक शब्द मी विसरलेलो नाही.

आमची बोली मात्र ऋतुजाने अशी उचलली की चौथ्या वर्षी ती काशीबाईसारखी भांडायची आणि कोळणीसारखी भाव करायची. शिव्याही सगळ्या. कोणी शिकवलं नव्हतं आणि आपण शिकतोय हे तिला माहीत नव्हतं. तिची आई त्याच घरात, तीच माणसं, तेच शब्द ऐकत नऊ वर्षं होती. तिला हुकूम सगळे कळायचे. पण स्वतःहून सांगायला दहा शब्द नव्हते. मी यावर बराच विचार केला. पोरीशी सगळे बोलायचे. हिच्याशी कोणी बोललंच नव्हतं. हिला फक्त सांगितलं होतं.

दोन हजार तेवीसच्या ऑगस्टमध्ये मोठ्या उधाणाला आमच्या बांधाला खांड पडली. खांड म्हणजे बांध फुटून पडलेलं भगदाड. खारं पाणी शेतात शिरलं की तीन वर्षं भात होत नाही. आमच्याकडे रीत आहे, खांड पडली की घरटी एक माणूस बांधावर आलाच पाहिजे आणि ओहोटी आहे तोवर, सहा तासांत, ती बुजलीच पाहिजे. जगन तोवर रोह्याच्या एका कंपनीत ठेक्यावर लागला होता. रात्रपाळी करून आणि पिऊन पडला होता. त्याने अनिताला पाठवलं.

मी निवृत्त, पण काम मलाच सांगायला लावलं. चिखलाचे गोळे हातोहात देत आम्ही टाकत होतो आणि पाणी ते खात होतं. तीन तास वाया गेले. आधाराला ठोकलेले खुंट उपटले. एका पोराचा पाय खुंटाखाली सापडून मोडला, त्याला ओरडत उचलून नेलं. भरती लागायला तीन तास उरले. तेव्हा अनिता रांगेतून बाहेर आली, खांडीत उतरली आणि टाकलेल्या चिखलावर उभी राहून पायांनी तुडवायला लागली.

“तोक्कु! तोक्कु!” ती ओरडली.

कोणालाच शब्द माहीत नव्हता. पण ती काय सांगते ते कळलं. एक थर टाका, तुडवा, मग दुसरा. घाई करू नका. आम्ही घाईने ढीग करत होतो, म्हणून तो वाहत होता. हे मला एकतीस वर्षांच्या कामानंतर कळायला हवं होतं. वीस माणसं खांडीत उतरली आणि तिच्याबरोबर ‘तोक्कु तोक्कु’ म्हणत तुडवायला लागली. तिने एकाला दंडाला धरून बाहेर काढलं, दुसऱ्याला आत ओढलं, एकाच्या पाठीत थाप मारली. नऊ वर्षांत तिला कोणी असं पाहिलं नव्हतं. भरती बांधाला लागली तेव्हा खांड बुजलेली होती. पाणी आदळलं आणि मागे गेलं.

तेवढ्यात जगन आला, डोळे चोळत. मी मोजून बोलणारा माणूस आहे. त्या दिवशी पस्तीस माणसांसमोर जास्त बोललो.

“जगन्या, म्होरल्या खेपेला तू घरी ऱ्हा, भाकऱ्या थाप. बांधावर हिलाच धाड.”

मागून कोणीतरी म्हणालं, “त्याला पातल नेसवा रं.” सगळे हसले. जगनही हसला. त्याला मी लहानपणापासून ओळखतो. त्याचं हसणं बघून मी तेव्हाच समजायला हवं होतं.

दिवस मावळायच्या आधी भिंतीपलीकडे आवाज झाला. आधी जगनचं बोलणं, हळू. जगन हळू बोलला की वाईट. मग फटके. एक. थोडा वेळ गेला. दोन. पुन्हा थोडा वेळ. तिसऱ्याला लाकूड फुटल्यासारखा आवाज आला. पण लाकूड फुटलं नव्हतं.

आमच्या दारात ऋतुजा उभी राहिली. सात वर्षांची.

“काका, आयचा हात लोंबतंय,” ती म्हणाली.

मी गेलो. अनिता उंबऱ्याला टेकून बसली होती. मनगटाच्या वर हात जिथे वाकू नये तिथे वाकला होता आणि हाड कातडीतून दिसत होतं. ती रडत नव्हती. काशीबाई तांदूळ निवडत होती. जगन ओटीवर विडी ओढत होता, फावड्याचा दांडा शेजारी. मी दांडा उचलून बरोबर घेतला. विमलने हाताला फळी बांधली आणि आम्ही रिक्षाने पेणच्या दवाखान्यात गेलो.

तिथे तिला कण्हताना एका माणसाने ऐकलं. इलियास, रोह्याचा, आईला औषधाला घेऊन आला होता. बावीस वर्षं कुवेतला इमारतींच्या कामावर काढली, तेलुगू माणसांच्या खोलीत राहिला. तो जवळ आला आणि वाकून विचारलं, “नीळ्ळु?” अनिताने त्याच्याकडे पाहिलं आणि त्या दिवशी पहिल्यांदा रडली. मग ती भराभरा बोलत सुटली. इलियास ऐकत राहिला आणि माझ्याकडे वळला.

“दादा, माजी तेलुगू साईटवरची. पाना, हातोडा, पानी, जेवन आनि शिव्या. ही काय बोलते त्यातला येक शब्द मला कलत नाय.”

हाडं दोन ठिकाणी मोडली होती. प्लास्टर घातलं. महिला हवालदार जबाब घ्यायला आली. अनिताला बोलता येईना. दुसरं कोणी नव्हतं, आणि वेळ घालवला तर जगन पळेल अशी भीती होती. मग ऋतुजाने सांगितलं. बापाने दांडा घेतला, आईला मारलं, तीनदा. पोर स्वच्छ बोलली, पायरीपायरीने, बापाचा आणि आजीचा आवाज काढून. हवालदार बाईने लिहून घेतलं आणि शेवटी अनिताचा अंगठा घेतला. तो जबाब कागदोपत्री आईचा होता. बोलणारी पोर होती.

जगनला पोलिसांनी पकडलं, पण तो आठवड्यात जामिनावर सुटला. अनिता आणि ऋतुजा आमच्या पडवीत राहत होत्या. एका दुपारी तो कोयता घेऊन शिरला. मी परसात होतो. विमलच्या ओरडण्याने आत धावलो. त्याने ऋतुजाचे केस डाव्या मुठीत धरले होते, मान मागे ओढली होती आणि कोयत्याचं टोक तिच्या ओठांवर टेकवलं होतं.

“कोर्टात बोललीस तर जीब कापीन,” तो तिला सांगत होता. हळू आवाजात.

विमलने मुसळ उचलून त्याच्या खांद्यावर घातलं. पोर सुटली. कोयता फिरला तो माझ्या दंडाला लागला, सात टाके पडले. अनिता प्लास्टरच्या हाताने त्याच्या तोंडावर मारत राहिली, नाक फुटेपर्यंत. तो पळाला. संध्याकाळी पोलिसांनी त्याला धरमतरच्या जेट्टीवर धरला. जामीन रद्द झाला.

त्या दिवसापासून ऋतुजा बोलायची थांबली. एक शब्द नाही. आमच्या गल्लीत सगळ्यांत जास्त बडबड तिची होती. आता ती जेवताना तोंड उघडायची तेवढंच, आणि तेही हाताआड.

याच सुमारास सरकारी वकील बाईंनी आम्हाला बोलावून स्पष्ट सांगितलं. जबाब मुलीच्या तोंडचा आहे हे समोरचा वकील सिद्ध करणार. काशीबाई मुलाच्या बाजूने बोलणार. आई स्वतः उभी राहून सांगू शकली तर ठीक. नाहीतर प्रत्यक्ष पाहणारी एकच उरते. मुलीला साक्षीला उभं करावं लागेल, बापासमोर.

मी हे अनिताला जमेल तसं सांगितलं. ऋतुजाकडे बोट, कोर्टाकडे बोट, जगनचं नाव. तिला कळलं. तिने माझं मनगट धरलं.

“ऋतुजा नको,” ती म्हणाली. “मी.”

तारीख आठ महिन्यांनी होती.

मी मास्तर नाही. मला काम शिकवता येतं, तेही नीट नाही, हे खांडीच्या वेळी कळलंच होतं. मी एक नियम घातला. तिच्या तोंडात वाक्य घालायचं नाही. घातलं तर समोरचा वकील उलट तपासात ते उपटून काढील, जसा न तुडवलेला भराव पाणी उपटतं. ती ज्याला हात लावेल त्याचा शब्द द्यायचा. ती मागेल तोच. विमलला मी हे बजावलं. विमल म्हणाली, तुमी आदी सोताचं तोंड सांबाला. बरोबर होतं.

रोज सकाळी ती माझ्याबरोबर बांधावर यायची. एका हाताने माती टाकायची आणि विचारायची, हे? दांडा. हे? उंबरा. स्वतःचा हात दाखवायची. मनगट, कोपर, हाड. पाच शब्द. संध्याकाळी तेच पाच परत. त्यातले तीन गेलेले असायचे. पुन्हा. दुसऱ्या दिवशी आधीचे पाच आणि नवे पाच. ती चिडून स्वतःच्या तोंडात मारायची. मी थांबवलं, म्हणालो, मार झाला तुझा खाऊन. ‘मारणारा’ हा शब्द तिला येत नव्हता, ‘मार’ येत होता. आपण मराठीत ‘बोलला’ कसं म्हणतो ते तिने स्वतः पकडलं, विमलच्या तोंडून. विमल दिवसभर सांगत असायची, ती असं बोल्ली, तो तसं बोल्ला. अनिताने तो शब्द उचलला आणि सोडला नाही.

एक अडचण होती, तिच्यावर माझा इलाज नव्हता. काही शब्द उच्चारले की तिचं अंग आखडायचं. ‘बस’ मी साधं म्हटलं, बांधावर जरा टेक या अर्थाने, तर ती जिथे होती तिथे चिखलात उकिडवी बसली आणि डोकं दोन्ही हातांत घेतलं. मी तिच्याकडे पाठ फिरवून उभा राहिलो. थोड्या वेळाने तीच उठली आणि माती टाकायला लागली. असं पंधरा-वीस वेळा झालं असेल. प्रत्येक वेळी ती स्वतः उठली. मी हात दिला नाही. दिला असता तर कोर्टात कोण देणार होतं?

अकराव्या दिवशी पडवीत ती शब्द घोकत बसली होती. मनगाट, मनगाट. ऋतुजा कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून होती.

“मनगट गो, मनगट,” ती म्हणाली. वैतागून.

विमलने तोंडात पदर घातला. अनिताने पोरीला जवळ ओढलं नाही, काही नाही. फक्त पुन्हा चुकीचं म्हटलं, मुद्दाम. पोरीने पुन्हा दुरुस्त केलं. त्या संध्याकाळी तिने आईच्या तीसेक चुका काढल्या आणि शेवटी कपाळाला हात लावून मला म्हणाली, “काका, हिला कायच येत नाय.” तेव्हापासून ती बोलायला लागली, पण बापाचं नाव निघालं की तोंड मिटायची. एकदा मी तिला विचारलं, तू कशी शिकलीस ते आईला सांग ना. तिने विचार केला. म्हणाली, मी नाय शिकली, मला येतंय.

पेणच्या कोर्टात तारीख लागली तेव्हा अनिताला साडेतीनशे-चारशे शब्द येत होते. तुटके. न्यायाधीशांनी तेलुगू दुभाषी मागवला होता, तो दोनदा मिळाला नाही. त्यांनी पुढची तारीख देऊ केली. अनिता पिंजऱ्यात उभी होती. जगन समोर, दोन शिपायांच्या मधे. ती म्हणाली,

“दुभाषी नको, साहेब. मार ह्याच बोलीत खाल्ली. ह्याच बोलीत सांगते.”

जगनचा वकील उठला. तयारीचा माणूस होता. तो म्हणाला, जबाबातली भाषा पाहा आणि ही भाषा पाहा. या बाईला मराठी समजतच नाही. जे काही सांगते ते शेजाऱ्याने पढवलेलं आहे. त्याने तिला लांबलचक वाक्यांत दोन-तीन प्रश्न विचारले, सदर दिवशी, सदर ठिकाणी, अशा भाषेत. ती नुसती बघत राहिली. “समजत नाही, साहेब,” तो म्हणाला आणि बसला.

ऋतुजा बाहेर झाडाखाली विमलबरोबर होती. तिला हाक पडायला फार वेळ लागणार नाही असं मला वाटलं. सरकारी वकील बाईही दाराकडे बघत होत्या.

न्यायाधीशांनी साध्या शब्दांत विचारलं, बाई, काय झालं?

“बांद बांदला,” ती म्हणाली. “घरी आली. जगन बोल्ला, हिकडं ये. मी आली. बोल्ला, दार लाव. मी लावली. बोल्ला, खाली बस—”

“गप बस!” जगन ओरडला.

ती गप्प झाली. पिंजऱ्यातच उकिडवी बसली, डोकं दोन्ही हातांत. लिहिणाऱ्या बाईचा हात थांबला. जगनच्या वकिलाने डोळे मिटले.

“समजतं यांना,” न्यायाधीश त्याला म्हणाले. मग जगनला ताकीद दिली. एक शिपाई अनिताला उठवायला पुढे झाला, मी नकळत नाही म्हणून मान हलवली. मला तसं करायचा अधिकार नव्हता. पण तो थांबला. आम्ही सगळे थांबलो. मी भिंतीवरच्या घड्याळात पाहिलं, दोन मिनिटं उलटून गेली. मग पिंजऱ्याच्या कडेवर तिचा उजवा हात दिसला. ती उठली. न्यायाधीशांकडे नाही, जगनकडे बघून पुढे बोलायला लागली, आणि आवाज त्याचा काढला, हळू.

“बोल्ला, हात पुढं कर.” तिने डावा हात पुढे केला. “मी केला. दांडा मारलान. येक. हात हाय. दोन. हात हाय. तीन.” ती थांबली. “हात नाय.”

जगनचा वकील उठला, कारण त्याला उठणं भाग होतं. त्याने या वेळी छोटं वाक्य केलं. “तू हात पुढे केलास का? पळाली का नाहीस?”

“बोल्ला, तुजा नाय तर तिचा.”

“कोणाचा?”

“ऋतुजाचा. ती बाजूला हुबी. तिचा हात धरलेला, ह्या हातानं. दांडा ह्या हातात. बोल्ला, तुजा नाय तर तिचा. मी केला पुढं. पैला झाला. मी हात मागं घेतला. तिचा वर धरलान. मी परत पुढं केला. दुसरा. परत मागं घेतला. परत तिचा धरलान. परत पुढं केला.”

फटक्यांच्या मधे वेळ का जात होता ते मला तेव्हा कळलं. भिंतीपलीकडून मी तो वेळ ऐकला होता.

वकील म्हणाला, साहेब, हे जबाबात नाही. आठ महिन्यांनी नवीन रचलेलं आहे. न्यायाधीशांनी जबाब उलटून पाहिला आणि अनिताला विचारलं, हे आधी का नाही सांगितलं?

तिला प्रश्न लगेच कळला नाही. त्यांनी पुन्हा विचारला. मग तिने उत्तर जुळवलं. एकेक शब्द शोधून आणत होती आणि ठेवत होती, आम्ही सगळे बघत होतो.

“तेवा बोलनारी ती व्हती. मी नाय,” ती म्हणाली. “ती कशी बोलंल? तिला वाटतंय, तिच्यामुलं मोडला.”

न्यायाधीशांनी हे सगळं तिच्याच शब्दांत लिहून घ्यायला सांगितलं, सुधारू नका म्हणून. दांडा दाखवला, तिने ओळखला. डॉक्टरांचा कागद वाचला, दोन्ही हाडं, दोन जागी, एकाच दिशेने. वकिलाने आणखी तासभर उलटसुलट विचारलं. तिला जे समजलं नाही तिथे ती ‘समजला नाय’ म्हणाली आणि जे समजलं त्याचं तेच उत्तर दिलं, प्रत्येक वेळी तेवढ्याच शब्दांत. तिच्याकडे दुसरे शब्द नव्हतेच.

निकाल पुढे सात महिन्यांनी लागला. जगनला पाच वर्षांची शिक्षा झाली, अपील चालू आहे. इलियासने रोह्याला खोली बघून दिली, मातीकाम तिने स्वतः मिळवलं.

पण त्या दिवशी निकालाचं आम्हाला काही माहीत नव्हतं. ती पिंजऱ्यातून उतरली आणि माझ्या शेजारी बाकावर येऊन बसली. घामाने पोलकं पाठीला चिकटलं होतं. सरकारी वकील बाई उठून म्हणाल्या, आम्हाला मुलीला तपासायचं नाही. न्यायाधीशांनी मान हलवली. अनिताने मला विचारलं, काय बोल्ली? मी उत्तर द्यायच्या आत शिपाई दाराशी गेला आणि त्याने पुढचं नाव पुकारलं. तिने माझा दंड घट्ट धरला, टाके घातले होते तोच. पुकारलेलं नाव कोणा दुसऱ्याचं होतं, आणि एक म्हातारा टोपी काढत आत आला.